मुलांना खेळाला कितव्या वर्षी घालायचं? वयाप्रमाणे एकेक पायरी

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी तिला फुटबॉलच्या क्लासला घातलं होतं. छोटेसे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, पाठीवर नंबर, फोटोला एकदम झकास. प्रत्यक्षात काय झालं तर पहिले पंधरा दिवस ती मैदानाच्या कडेला बसून गवत उपटत होती, चुकून बॉल तिच्याकडे आलाच तर तो उचलून पोटाशी घट्ट धरायची आणि कोणी मागितला की भोकाड पसरायची, आणि महिनाभरात तर नुसता "क्लास" हा शब्द ऐकला तरी पलंगाखाली जाऊन बसायला लागली. कोच बिचारा चांगला होता, सगळी घाई माझीच. तीच मुलगी साडेसात वर्षांची झाल्यावर स्वतःहून म्हणाली की मलापण खेळायचंय, आणि आता चार वर्षं झाली, घरी परत ये म्हणून हाका माराव्या लागतात.

त्यामुळे कोणी "कितव्या वर्षी घालू?" विचारलं की मी आधी उलट विचारते, कशाला घालताय? कारण सगळा घोळ इथेच आहे. खेळाची सुरुवात एक नसतेच, चार असतात. नुसतं खेळणं-धावणं-उड्या मारणं ही पहिली, ती पाळण्यापासून चालू होते. कोचकडे जाऊन शिकणं ही दुसरी, ती साधारण ६ च्या आसपास. जिंकण्या-हरण्याची स्पर्धा ही तिसरी, ती ९-१० च्या पुढे. आणि बाकी सगळं बाजूला ठेवून एकच खेळ धरणं ही चौथी, ती बहुतेक खेळांत १५ च्या आसपास. आपण काय करतो, की चौथी सुरुवात चौथ्या वर्षी करायला जातो आणि पहिली करायलाच विसरतो.

आता एकेक बघू.

पहिली पायरी: ० ते ५, क्लास नको, जागा हवी

या वयात मुलाला खेळ शिकवायचा नसतो, शरीर वापरायला द्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या त्यात आकडे स्पष्ट आहेत. वर्षाच्या आतलं बाळ जे अजून रांगत नाही त्याला जागं असताना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर पालथं ठेवायचं. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसाला निदान १८० मिनिटं हालचाल झाली पाहिजे, आणि ३-४ वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. तीन तास ऐकून घाबरू नका, ते सलग नसतात. जिना चढणं, सोफ्यावरून उडी, डबक्यात नाचणं, आजोबांच्या मागे पळणं, सगळं त्यात धरायचं.

आणि हे आपोआप होतं, फक्त आपण आडवं यायचं नाही. मुलाला दिवसभर बाबागाडीत नाहीतर खुर्चीला बेल्ट लावून बसवून ठेवलं आणि संध्याकाळी पाऊण तास "स्पोर्ट्स अॅक्टिव्हिटी"ला नेलं तर त्याचा उपयोग किती, तुम्हीच सांगा.

घरी काय करायचं तर या गोष्टी खेळात आणायच्या: पळणं, अचानक थांबणं, वळणं, दोन्ही पायांनी उडी, एका पायावर उभं राहणं, लंगडी, लोळणं, लटकणं, चढणं, फेकणं, झेलणं, लाथ मारणं. मोठेपणी कुठलाही खेळ घेतला तरी तो या दहा-बारा हालचालींचाच बनलेला असतो. साधारण २ वर्षांचं मूल बॉलला लाथ मारतं, ४ पर्यंत मोठा बॉल बऱ्याचदा झेलायला लागतं, ५ च्या आसपास लंगडी जमते. थोडं पुढेमागे झालं तरी चालतं, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. पण सतत अडखळून पडत असेल, आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली असेल, किंवा एकच हात-पाय वापरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

झेलायला शिकवताना एक युक्ती. आधी फुगा, मग हलका मोठा प्लास्टिकचा बॉल, मग मऊ छोटा बॉल. फुगा हळू खाली येतो त्यामुळे डोळ्यांना आणि हातांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. थेट टेनिस बॉल फेकलात तर तो नाकावर बसतो आणि मग मूल पुढची दोन वर्षं बॉल आला की डोळे मिटून तोंड फिरवतं. (स्वानुभव. नाक माझ्या भाच्याचं, बॉल माझा.)

या वयोगटाला अपवाद एकच, तो म्हणजे पोहणं, कारण तो प्रश्न खेळाचा नाही, जिवाचा आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की बऱ्याच मुलांना १ वर्षानंतर पाण्याची ओळख करून देणारे क्लास चालतात आणि ४ वर्षांपर्यंत बहुतेक मुलं पोहायला शिकण्याइतकी तयार होतात. त्याआधी किंवा त्यानंतरही, क्लास झाला म्हणजे मूल बुडणार नाही असं अजिबात नाही. छोटं मूल पाण्यात असेल तर मोठा माणूस हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या जवळ पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात फोन नको. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजच होत नाही.

दुसरी पायरी: ६ च्या आसपास, कोचकडे

बरं ६ च का? काही शुभ आकडा नाहीये तो. या सुमाराला तीन-चार गोष्टी एकत्र जुळून येतात. हवेतून येणाऱ्या बॉलचा वेग आणि दिशा ओळखून हात तिथे नेणं हे त्याआधी बहुतेक मुलांना धड जमत नाही. लक्ष टिकायला लागतं. "आधी तू, मग तो, मग परत तू" हे डोक्यात शिरतं. आणि आपली टीम म्हणजे काय हे थोडं थोडं कळायला लागतं, थोडंच हां, कारण सहा वर्षांच्या मुलांची फुटबॉल मॅच बघितलीये का कधी, दोन्ही टीमची सगळी पोरं गुळाला मुंगळे लागल्यासारखी बॉलभोवती, आणि गोलकीपर उलट्या दिशेला तोंड करून ढग बघतोय. पासिंग, पोझिशन वगैरे साधारण ९-१० नंतरच डोक्यात बसतं, त्याआधी कोचने कितीही बोंबललं तरी फरक पडत नाही.

म्हणून वाढदिवसापेक्षा मूल बघा. मी जी घरगुती परीक्षा घेते ती अशी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मोकळ्या जागेत न्या आणि खेळता खेळता बघा:

- दोन टप्प्यांची सूचना पाळतो का, म्हणजे "त्या झाडाला हात लाव आणि मग माझ्याकडे उड्या मारत ये".
- एकाच खेळात १५-२० मिनिटं रमतो का.
- पाच-सहा पावलांवरून फेकलेला मोठा बॉल पाचपैकी तीनदा तरी झेलतो का.
- आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, निदान कुरकुरत तरी.
- हरल्यावर रडला तरी पाच-दहा मिनिटांत परत खेळायला येतो का.
- आई-बाबा नजरेआड असताना दुसऱ्या मोठ्या माणसाचं ऐकतो का, आणि शू लागली की त्याला सांगतो का.

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात पण निम्मे क्लास तिथेच सुटतात. सहापैकी चार-पाच जमत असतील तर पाठवा. नसतील तर चार-सहा महिने थांबा, काही बिघडत नाही, आणि तोवर घरी खेळत राहा. आणि हो, मुलाला स्वतःला जायचंय का हे विचारा. अगदी साधी गोष्ट आहे, मी विचारली नव्हती.

क्लास लावायच्या आधी डॉक्टरांकडे एक चक्कर मारा. त्यांना आवर्जून सांगायच्या गोष्टी: पळताना कधी चक्कर येऊन पडलाय का, छातीत दुखतं का, दम्याचा त्रास आहे का, आणि घरात कोणी कमी वयात अचानक हृदयाच्या त्रासाने गेलंय का. दमा असलेली मुलं मस्त खेळू शकतात, फक्त इनहेलर बॅगेत आणि कोचला माहिती, एवढं पाहिजे. डोळेही तपासून घ्या. "याला बॉल दिसतच नाही" असं आपण चिडून म्हणतो आणि कधीकधी ते शब्दशः खरं निघतं.

कुठला खेळ कधी

पळणं-उड्या-फेक म्हणजे अॅथलेटिक्सचं खेळकर रूप आणि जिम्नॅस्टिक्सची ओळख (कोलांट्या, तोल, लटकणं) या दोन गोष्टी ५-६ पासून चालतात आणि खरं सांगायचं तर पहिला क्लास लावायचा असेल तर यातलाच लावा, पुढे काहीही खेळला तरी कामाला येतं.

फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकीसारखे टीमचे खेळ ६-७ पासून, पण छोट्या मैदानावर, कमी खेळाडूंचे. मोठ्यांच्या मापाचं काहीही मुलांना देऊ नये. बास्केटबॉलची रिंग मोठ्यांसाठी ३.०५ मीटरवर असते, मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते आणि बॉलही लहान. टेनिसमध्ये तर आंतरराष्ट्रीय फेडरेशनने २०१२ पासून नियमच केला की १० वर्षांखालच्यांच्या स्पर्धा नेहमीच्या पिवळ्या बॉलने घ्यायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी लाल, नारिंगी, हिरवे असे हळू जाणारे बॉल आहेत, लाल बॉल नेहमीच्यापेक्षा साधारण ७५ टक्के हळू. कारण सोपंय, सात वर्षांच्या मुलाला नेहमीचा बॉल दिला तर तो टप्पा पडून त्याच्या डोक्यावरून जातो, मग मूल वेडेवाकडे हात फिरवून कसाबसा मारतं आणि तीच सवय लागते जी पुढे मोडता मोडत नाही. तुम्ही बघायला गेलेल्या क्लासमध्ये छोटी मुलं मोठ्यांच्याच रॅकेट आणि बॉलने खेळताना दिसली तर समजून जा.

फुटबॉलमध्ये डोक्याने बॉल मारणं मात्र लांब ठेवा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं आणि ११ ते १३ च्या मुलांना सरावात मर्यादा घातली.

बॅडमिंटन, टेबल टेनिस ६-८ पासून छान. पी. व्ही. सिंधूने साधारण ८ व्या वर्षी रॅकेट धरली, आणि तिचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉलचे खेळाडू होते, म्हणजे घरात खेळ आधीपासून होता पण घरचाच खेळ तिच्या गळ्यात बांधला नाही, हे मला फार आवडतं.

क्रिकेट मऊ बॉलने ६-७ पासून. कडक बॉल पुढे, आणि हेल्मेट, पॅड, गार्ड सगळं मापाचं असेल तरच, "मोठा झाला की बरोबर होईल" म्हणून दोन साइज मोठं हेल्मेट घेऊ नका, ते डोळ्यावर येतं. फास्ट बोलिंग करणाऱ्या मुलांची कंबर सांभाळावी लागते. वाढत्या वयात जास्त बोलिंग केली की पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं आणि मग महिनोन्महिने बसून राहावं लागतं. म्हणूनच इंग्लंडच्या बोर्डाने कित्येक वर्षं १३ वर्षांपर्यंतच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये (म्हणजे एका दमात) ५ आणि दिवसात १० ओव्हर असं बंधन ठेवलं होतं. शाळेची टीम, क्लबची टीम आणि गल्लीतली टीम अशा तीन ठिकाणी एकच पोरगा बोलिंग करत असेल तर एकूण ओव्हर मोजणारं आपल्याशिवाय कोणी नसतं.

कराटे, ज्युदो ६-७ पासून शिस्त, पडायचं कसं हे शिकायला चांगलं. डोक्यावर ठोसे मारायचे असतील असं काही मात्र लहान वयात नको.

वजनं उचलण्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे, की उंची खुंटते. नीट शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, हलक्या वजनाने किंवा नुसत्या शरीराच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. जे मूल सूचना नीट पाळतं ते ७-८ पासूनही करू शकतं. आरशासमोर मित्राशी पैज लावून जास्तीत जास्त किती उचलतो बघणं, ते नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा

फी विचारायच्या आधी एक पूर्ण सेशन कडेला उभं राहून बघा. मी घड्याळ लावून एकच मूल निवडते आणि तासाभरात ते किती वेळ खरंच हलतंय ते मोजते. एका ठिकाणी एक पोरगा ६० मिनिटांपैकी जेमतेम १४ मिनिटं हलला, बाकी वेळ लाइनीत उभा. वीस मुलं, एक बॉल, एक रांग, असं असेल तर तिथे मूल रांगेत उभं राहायला शिकेल. छोट्या मुलांच्या चांगल्या क्लासला आवाज असतो, हसणं असतं, प्रत्येकाच्या हातात बॉल असतो आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी बदलतं.

मग कोचला विचारायचं: प्रथमोपचार येतात का, डोक्याला मार लागला तर काय करता, पाण्याचा ब्रेक किती वेळाने. डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखं वाटलं, चक्कर आली, उलटी झाली तर त्या दिवशी परत मैदानात नाही, डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाहीच, याच्यावर जो कोच "काय नाय होत, पळ" म्हणतो त्याच्याकडे कितीही कप असू देत, निघून या. उन्हात दर १५-२० मिनिटांनी पाणी पाहिजे, तहान लागायची वाट बघायची नाही. शिक्षा म्हणून पळायला लावतात का तेही बघा, पळणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की ते जन्मभर निघत नाही.

आणि एक गोष्ट जी विचारायला लोक लाजतात. पालकांना सेशन बघायला बंदी आहे का, कोच मुलांना एकट्याला कुठे नेतो का, मुलांशी परस्पर मेसेजवर बोलतो का. बंदी असेल, कारण काहीही सांगोत, तिथे पाठवू नका.

सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस, ४५ मिनिटं ते एक तास, बास. महिन्याभराचीच फी भरा, वर्षाची सवलत असली तरी. वर्षाची भरली की मुलाला नको असलं तरी आपण ढकलत राहतो, पैसे वसूल करायला.

तिसरी पायरी: ९ ते १२, स्पर्धा आणि दोन-तीन खेळ

हे सोन्यासारखं वय आहे. शरीर हलकं, तोल चांगला, शिकवलेलं पटकन उचलतात. आणि नेमकं याच वयात आपण "आता सिरियस व्हा" म्हणून सगळं बंद करून एकाच खेळाला जुंपतो. उलट करा. एक टीमचा, एक एकट्याचा, एक पाण्यातला किंवा जिम्नॅस्टिक्ससारखा, असे दोन-तीन खेळ वर्षभरात फिरवत ठेवा. एकाचा सीझन संपला की दुसरा.

स्पर्धेचं म्हणाल तर नॉर्वेकडे बघा. तिथे मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम १९८७ पासून आहेत, २००७ मध्ये सुधारले. मूल ११ वर्षांचं होईपर्यंत निकालाच्या याद्या, रँकिंग लावायचं नाही, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद १३ च्या आधी नाही. बरं, असल्या लाडाने देश मागे पडला म्हणाल तर, साधारण ५३ लाख लोकवस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं घेतली, सगळ्यांत जास्त. नुसत्या त्या नियमामुळे झालं असं मी म्हणत नाही, बर्फ आहे, पैसा आहे, परंपरा आहे. पण स्कोअर न लावल्याने मुलं मऊ होतात हे तरी म्हणू नका.

निवड चाचणीत मूल मागे पडलं तर एक तारीख बघा, त्याच्या जन्माची. वयोगटाची कटऑफ १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमधला एकाच गटात येतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक, आणि दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढी उंची, केवढी ताकद. कॅनडाच्या आइस हॉकीत १९८० च्या दशकातच हे लक्षात आलं होतं की वरच्या टीममधली पोरं मोठ्या संख्येने वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतली आहेत. कोचला वाटतं टॅलेंट, असतं वय. तुमचं मूल वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतलं असेल तर त्याला हे समजावून सांगा, समजतं त्यांना.

मधली धोक्याची जागा: उंची वाढायचं वय

मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण १२ च्या सुमाराला, मुलांची १४ च्या. यावर लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मी जरा जास्त बोलते. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि हाडांच्या टोकाला जी वाढीची मऊ जागा असते तिच्यावर ताण येतो. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगळासारखं सुजतं आणि दुखतं त्याला ऑसगुड श्लॅटर म्हणतात, टाचेचं दुखणं असेल तर सेव्हर्स. दोन्ही पळण्या-उड्यांच्या खेळांत खूप दिसतात, आराम आणि कमी भार यांनी बरी होतात, पण "नाटक करतोय" म्हणून पळवलं की लांबतात. दुखण्यामुळे लंगडत असेल, रात्री झोपेतून उठत असेल, सूज असेल तर डॉक्टर.

दुसरी गंमत म्हणजे या काळात मूल अचानक वेंधळं होतं. काल जमणारी कोलांटी आज जमत नाही, बॅट लागत नाही, पायात पाय. काल होता त्यापेक्षा पाय लांब झालाय, मेंदूला अजून नवीन माप पोचलेलं नाही! दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की पुढचे काही महिने सराव थोडा कमी, तंत्र आणि तोलाचे व्यायाम जास्त, आणि टोमणे शून्य.

सराव किती, हे मोजायचा ढोबळ नियम सोपा आहे: आठवड्यात कोचिंगचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. ११ वर्षांचं मूल, ११ तास, मॅच धरून. आणि कोचिंगचे तास मोकळ्या खेळाच्या दुपटीच्या वर जाऊ देऊ नका. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत चालेल. सुट्टीत दुसरं काहीही खेळू दे, हलायचं बंद नाही करायचं. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तशीच राहते.

मुलींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. या वयात खेळ सुटतात ते आवड संपली म्हणून कमी आणि पाळी, कपडे, बदलायला जागा नसणं, कोणी काही बोलणं यांमुळे जास्त, निदान माझ्या ओळखीत तरी. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची शॉर्ट, बॅगेत जास्तीचं पॅड, या तीन गोष्टींनी खूप फरक पडतो. आणि भरपूर सराव करणाऱ्या मुलीची पाळी सुरू होऊन नंतर तीन महिने थांबली, किंवा १५ पर्यंत आलीच नाही, तर "खेळाडूंना होतं असं" म्हणून सोडू नका. बऱ्याचदा सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो.

चौथी पायरी: एकच खेळ

बहुतेक खेळांसाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला १५-१६ पर्यंत थांबा असाच आहे. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, फिगर स्केटिंग हे वेगळे, तिथे लवकर धरावं लागतं. रोमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये परफेक्ट १०, म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती. आज तसं होऊच शकत नाही, कारण १९९७ पासून महिला जिम्नॅस्टला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे त्या खेळालाही शेवटी ब्रेक लावावासा वाटलाच.

टायगर वूड्स २ वर्षांचा असताना टीव्हीवर गोल्फ खेळला, ते सगळ्यांना माहीत असतं आणि प्रत्येक घाईच्या बापाच्या तोंडी तेच उदाहरण. रॉजर फेडरर लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन सगळं खेळायचा आणि १२ च्या सुमारास टेनिसकडे वळला, ते कोणी सांगत नाही.

आणि उशीर झाला का, हे विचारणाऱ्यांसाठी: नीरज चोप्रा लहानपणी जाड होता, वजन कमी करायला म्हणून घरच्यांनी मैदानावर पाठवला, तिथे १३ च्या आसपास भाला हातात आला आणि २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक. पुढे अमेरिकेतला मोठा बास्केटबॉलपटू झालेल्या हकीम ओलाजुवानने १५ व्या वर्षी बास्केटबॉल सुरू केला, त्याआधी फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉल. तिथलाच दुसरा मोठा बास्केटबॉलपटू टिम डंकन आधी पोहायचा, १९८९ च्या वादळात त्यांच्या बेटावरचा पूल उद्ध्वस्त झाला म्हणून बास्केटबॉलकडे आला. ओलाजुवान आणि डंकन दोघांकडेही आधीच्या खेळांनी घडवलेलं शरीर होतं, हे विसरू नका. १२ वर्षांचं मूल आजपर्यंत काहीच खेळलेलं नसेल तर त्याला कित्येक वर्षं खेळणाऱ्यांच्या बॅचला टाकू नका, त्याच्यासारख्याच नवख्यांची बॅच शोधा किंवा दोन-तीन महिने घरीच सायकल, दोरीवरच्या उड्या, पोहणं करून मग न्या.

"मला नाही जायचं" म्हणाला तर

म्हणणार. प्रत्येक मूल कधी ना कधी म्हणतं. मी आधी तीन गोष्टी तपासते: कुठे दुखतंय का, कोणी चिडवतंय किंवा कोच ओरडतोय का, आणि झोप पुरी होतीये का. यातलं काही असेल तर प्रश्न खेळाचा नाही. काही नसेल तर चालू महिना किंवा सीझन पूर्ण करायचा, टीम अडचणीत यायला नको म्हणून, आणि मग त्याने ठरवायचं. एकच अट, एक सोडला तर दुसरा काहीतरी हलण्याचा खेळ निवडायचा, कुठलाही.

भीतीने किंवा अपमानाने रडत असेल तर मात्र सीझन-बिझन काही नाही, त्याच दिवशी बंद.

आणि मॅचनंतर घरी येताना गाडीत निकालाबद्दल, चुकलेल्या कॅचबद्दल, कोचच्या डोक्याबद्दल आपण तोंड उघडायचं नाही. हे मला जमायला दोन वर्षं लागली, अजूनही एखाद वेळी जीभ वळवळते. मी आता फक्त पाण्याची बाटली पुढे करते आणि भूक लागलीये का एवढं विचारते. दहा मिनिटांनी मागच्या सीटवरून तिचं आपोआप सुरू होतं, "आई तुला दिसलं का, तो तिसरा गोल..."